तातडीच्या कोटाची बाही

माझी मावशी घरीच शिवणकाम करते आणि तिचा नियम लहान पोरालाही कळेल असा आहे: काम तातडीचं असेल तर दुप्पट पैसे, आणि सगळे पैसे हातात पडेपर्यंत बाह्या नुसत्या कच्च्या टाक्यांवर. पैसे आले की मशीनवर पक्की शिलाई.

माइकवाल्याला हे तिने सकाळीच सांगितलं होतं. तो कार्यक्रमांत निवेदन करतो. आवाज असा की भिंतीचे पोपडे निघावेत. "संध्याकाळी नवा कोट घालून स्टेजवर उभं राहायचंय, काय घ्यायचं ते घ्या!" मावशी जेवलीसुद्धा नाही.

मी शाळेतून आले तेव्हा तो कोट चढवून आरशात स्वतःवरच खूश होत होता. टेबलावर त्याने नेहमीच्या दराचे पैसे फेकले.

"उरलेले?" मावशीने विचारलं.

"चार टाक्यांचे दुप्पट? सोनं लावलंय का दोऱ्याला?"

"सकाळी कबूल केलंत. कोट काढा, बाह्या अजून—"

खाडकन! मावशी भिंतीवर आदळली, ओठ फुटला. मी त्याच्या हाताला कडकडून चावले. त्याने माझ्या झिंज्या धरून मला कपाटावर असं आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग त्याने मशीनच उचललं. "बघतो आता कशी कमावतेस!"

मावशी मशीनला लटकली. त्या मशीनवर आमचं भाडं, किराणा, माझी फी, सगळं चालतं. तो तिच्या बोटांवर बुक्क्या मारत सुटला.

"मावशी, सोड गं!"

"मेले तरी नाही!"

ठेवणीतला तडाखा द्यायला त्याने हात वर उगारला, आणि टर्रर्र! बाही खांद्यापासून सुटून मनगटावर लोंबायला लागली. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि सगळा जीव लावून खेचली. पठ्ठ्या तोंडावर टेबलाच्या कडेवर आपटला. बाही माझ्या हातात, त्याचा दात जमिनीवर. मशीन मावशीच्या मांडीवर.

मी गरम इस्त्री उचलली. "हललास तर घडी घालीन!"

तो नाक धरून रडायलाच लागला. "बाही लावून द्या हो. दुप्पट देतो... तिप्पट!"

मावशीने सुजलेली बोटं हलवून बघितली, तोंडातलं रक्त पदराला पुसलं.

"तातडीची कामं आजपुरती बंद."

तो एकबाह्याच गेला. ती बाही आमच्याकडे आहे. मशीन पुसायला झकास आहे.