चालवून बघणारा पाहुणा

आमच्या गावात ज्याला ज्यातलं काही कळत नाही, तो त्यावर सर्वात मोठ्यानं बोलतो. त्या सकाळी चहाच्या टपरीवर मास्तर आणि गिरणीवाला हमरीतुमरीवर आले होते. पेपरात आलं होतं, की शरीर विकण्याच्या धंद्याला सरकार परवाना देणार.

"परवाना दिला की पोलिसांचा जाच संपेल, डॉक्टर तपासेल, बायांना कुणी नाडणार नाही," मास्तर म्हणाले.

"आणि पोरी पळवणारेच परवाना भिंतीला लावून बसतील. तिजोरीच्या किल्ल्या चोराच्या हाती," गिरणीवाला म्हणाला.

टपरीला लागूनच शिंपीण मशीन चालवत होती. ती अकरा वर्षं शहरात त्याच धंद्यात होती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तिला मात्र कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मीही नाही. मी गुरांचा दलाल. माझं तोंड बाजारात चालतं, गावात मी शहाण्यासारखा गप्प बसतो.

तेवढ्यात माझा भाऊ आला. सोबत त्याची एकोणीस वर्षांची पोरगी, तिची पत्र्याची पेटी आणि शिलाई कारखान्याचा पाहुणा. पोरीला कारखान्यात काम लागलं म्हणून भाऊ छाती फुगवून चालत होता. अकराच्या गाडीनं ती पाहुण्याबरोबर निघणार होती.

आदल्या दिवशी पाहुण्यानं तिला अंगणात चालवून बघितलं होतं, विहिरीपर्यंत जा आणि परत ये म्हणून. मग हसायला लावलं. शिवता येतं का, हे काही विचारलं नाही. गाय घेताना मीही तेच करतो. चाल बघतो, दात बघतो.

शेवटी उठलो आणि शिंपिणीच्या कानाशी वाकून हे सांगितलं. तिचा पाय पायडलवर थांबला.

"साहेब," तिनं पाहुण्याला हाक मारली, "तुम्ही शिलाईतले. एवढा दोरा ओवून द्या, माझे डोळे गेलेत."

पाहुणा हसत आला. दोरा थुंकीनं ओला केला आणि हातसुई समजून सुईच्या वरच्या टोकाला भोक शोधत बसला. मशीनच्या सुईचं भोक खाली, टोकाजवळ असतं, हे माझ्या सात वर्षांच्या नातीलाही ठाऊक आहे. टपरीवर हशा पिकला. मग एकेकाचं हसू आटलं.

"मलाही असाच एकजण शिलाईच्या कारखान्यात न्यायला आला होता," शिंपीण म्हणाली. "तिथं मशीन नव्हतं."

भावानं पाहुण्याची पिशवी हिसकावून कामासाठी दिलेले पोरीचे कागद बाहेर काढले. तोवर पाहुणा चपला टाकून रस्त्याला लागलाही. गिरणीवाला पोट सावरत मागे धावला आणि पन्नास पावलांत बसला.

मास्तरांना तशातही राहवेना. "बाई, मग परवान्याबद्दल तुमचं मत काय?"

"द्या की. पोलिसांनी मला बडवलं तेव्हा असता तर बरं झालं असतं. पण मास्तर, मला तिथं नेणाऱ्याला कुणी बोटही लावलं नाही. आधी त्याला धरा, मग भांडा."

पुतणी पेटीवर बसून रडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तो तिनं झटकला.

"काका, काल तुम्ही अंगणातच होता. तुम्हाला कालच कळलं होतं ना?"

भावाच्या आनंदावर विरजण नको म्हणून गप्प बसलो, असं मी तिला सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. त्याची बघण्याची रीत पाहून काल मी मनात म्हणालो होतो, माणूस जाणकार आहे.