चाप, घोडा आणि दोन जावा

मित्रांनो, मी एक जुना रिव्हॉल्व्हर आहे. माझी कहाणी ऐका, पण जरा लांब बसून ऐका.

कारखान्यात पोलादातून माझी नळी कोरली गेली. पोटात गोळ्यांचं चक्र बसवलं, मागे गोळीवर आदळणारा घोडा, खाली बोटाने ओढायचा चाप. चाप ओढला की घोडा आपोआप मागे जातो, चक्र एक घर फिरतं आणि घोडा आदळतो. ही ओढ लांब आणि जड आहे. ती मुद्दाम तशी ठेवली, म्हणजे ओढणाऱ्याला विचार बदलायला जागा राहते. माणसांना तीच जागा नको असते!

एका रोकड कचेरीत मी पहारेकऱ्यांच्या कमरेला राहिलो. तिथे पहारेकरी वारला की त्याची जागा घरातल्या कोणाला तरी मिळे. तशी एक बाई नवऱ्याच्या जागेवर आली. तिचा धाकटा दीरही तिथेच पहाऱ्यावर होता. नेमबाजीची परीक्षा पास झाली तरच बाईची नोकरी पक्की होणार होती, नाहीतर नोकरीही जाणार आणि कचेरीची खोलीही.

सरावात नेमबाजी शिकवणारे उस्ताद मला रिकामा करून नळीवर गोळीची एक रिकामी पुंगळी उभी करत. चाप ओढताना ती पडता कामा नये. बाईच्या हातून ती पडायचीच. अर्धा चाप हळू ओढायची आणि मग धास्तीने हिसका द्यायची.

"वहिनी, चाप ओढताय की कोंबडीची मान पिरगाळताय?" दीर म्हणायचा.

"भाऊजी, तुमची मान आणा, मग दाखवते!"

उस्ताद मात्र हसत नसत. "बाई, विहिरीतून भरलेली कळशी काढताना मध्येच दोर झटकता का?"

"नाही. सांडेल की."

"मग इथंही एका लयीत, सरळ मागे. मध्ये थांबायचं नाही. नंतर चाप पूर्ण पुढे येऊ द्यायचा. आणि अंगठा घोड्याला लावायचा नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

परीक्षेच्या आदल्या दिवशी दिराने युक्ती सांगितली. "अंगठ्यानं घोडा आधीच मागे ओढून ठेवा, वहिनी. मग चापाला नुसतं बोट लागलं तरी काम होतं. उस्ताद उद्या रजेवर आहेत." परीक्षकांनी कागदावरची भोकं पाहिली, बाईचा अंगठा पाहिला नाही. ती पास झाली. दीर घरी ऐटीत सांगत सुटला, "गुरू कोण? मी!" त्याची बायको, म्हणजे बाईची धाकटी जाऊ, हसली.

पुढे एका दुपारी खिडकीवरचं एक गिऱ्हाईक ओरडलं आणि त्याने झटकन कोटात हात घातला. बाईने मला उपसलं, अंगठ्याने घोडा मागे ओढला. कोटातून निघाला चष्मा. सगळे हसले. दीर तर हसत हसत तिच्यासमोरच आला. "चष्म्याला घाबरलात, वहिनी? ठेवा तो आता."

पण ओढलेला घोडा तसाच कमरेला ठेवता येत नाही. अंगठ्याने तो धरून, चाप दाबून, हळूच खाली आणावा लागतो. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने चाप दाबला, पण अंगठा घामाने ओला होता. घोडा निसटला.

"वहिनी," एवढंच म्हणून दीर खाली बसला. पुन्हा उठला नाही.

खटला चालला, बाईची नोकरी गेली. माझी ठिणगी पाडणारी सुई घासून टाकली आणि मला सरावाच्या खोलीत ठेवलं. आता उस्ताद प्रत्येक तुकडीला, कोणी विचारायच्या आधीच, अंगठा का लावायचा नाही ते सांगतात.

गेल्या महिन्यात धाकटी जाऊ आली, तिच्या नवऱ्याच्या जागेवर. तिने मला उचललं. चाप लांबवर, संथ मागे गेला. पुंगळी हललीसुद्धा नाही.

"कुठे शिकलात?" उस्तादांनी विचारलं.

"घरी. जाऊबाईंनी शिकवलं."

"त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर कुठला?"

"त्या रिकामाच हात धरायला लावतात. अंगठा वर गेला की तो घट्ट पकडतात, आणि मग बराच वेळ सोडत नाहीत."

मित्रांनो, माझ्यासारखा कुठे पडलेला दिसला तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि कोणी "नाही म्हणजे नाही" म्हणालं, तर ऐका जरूर. पण का, ते सांगितल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.