बुटावर लोटाभर पाणी

“बस ना वं जीपमधे, इंदू. काहून उगाच हट्ट करून राहिली?” प्रेमिला पुढून ओरडली आणि उत्तराची वाट न पाहता वेण्या उडवत निघून गेली. वर्गातल्या बाकी मुली केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या.

मी कशाला बसते! हट्ट केला होता तो काय जीपमध्ये बसायला? एक्क्याऐंशी साल जगभर अपंगांचं वर्ष म्हणून जाहीर झालेलं, म्हणून शाळेनं मूकबधिर मुलांच्या वसतिगृहासाठी पायी चालायचं काढलं. मानकापूरपासून कोराडीच्या अलीकडच्या मैदानापर्यंत. जितकं चालू तितकी ओळखीपाळखीचे वर्गणी देणार. बाई मला म्हणाल्या, “तू स्टेजवर खुर्चीत बस, बक्षिसं वाट.” मी म्हटलं, “खुर्चीत मी रोजच बसते, बाई. मी चालणार.” आख्ख्या वर्गानं बाकं बडवली. तेव्हापासून मला कोणाची भीतीच वाटेनाशी झाली.

माझ्या डाव्या पायाला पोलिओ. मांडीपासून लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, खाली चामड्याचा जड बूट. घरात मी खटखट करत चालले की बाबा म्हणतात, आला टांगा.

मागे गोगलगायीसारखी जीप येत होती. तिच्यात ड्रायव्हरशेजारी महिला मंडळाच्या यमुताई. थकलेल्यांना उचलायचं काम त्यांचं, आणि त्यांचा डोळा फक्त माझ्यावर.

नवरात्र होतं. कोराडीच्या देवीला नवस फेडायला माणसं त्याच रस्त्यानं अनवाणी चालली होती, आणि बाया दारापुढे उभ्या राहून त्यांच्या पायांवर पाणी घालत होत्या. एका कौलारू घरातून एक म्हातारी लोटा घेऊन लगबगीनं आली, वाकली, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या दोन्ही पायांवर पाणी ओतून मोकळी झाली.

“आजी, बूट भिजला ना वं!”

“भिजू दे. अशा पायानं आईकडे चालून राहिली. लय मोठा नवस असन तुहा.”

“नवस नाही. आमची शाळा चालून राहिली. मुक्या-बहिऱ्या पोरांसाठी.”

तिनं ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. “थांब जराशीक. जाऊ नको.”

आतून ती नातीला कडेवर घेऊन आली. तीनेक वर्षांची असेल. एक पाय गुबगुबीत, दुसरा नुसता लोंबत होता. असा पाय मी लांबून ओळखते.

“हे आमची गोपी. उभी नाही राहत. तू सांग, हे चालन का?”

“मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा,” मी म्हटलं. “माहं कॅलिपर तिथूनच आहे.”

गोपीनं वाकून माझ्या पट्टीला बोट लावलं. लोखंड उन्हानं तापलं होतं. तिनं बोट झटकन काढलं, मग पुन्हा लावलं.

“चालून दाखव बरं तिले,” म्हातारी म्हणाली. “हे बाहेर आल्यापासून उभीच आहे तू.”

मी निघाले. ओलं चामडं टाचेला असं घासायला लागलं की डोळ्यांत पाणी आलं. मुली एव्हाना मैदानात पोचून सरबत पीत असतील, प्रेमिला मोठमोठ्यानं हसत असेल. मला तिथं चालत जायचं होतं. धुळीनं भरलेली, त्यांच्यासारखीच. पण टाच सोलली होती.

जीप बाजूला आली. “इंदू, पुरे झालं हं बेटा. चढ.”

“चढते, ताई. पण इथं नको. ती आजी पाहून राहिली. ती आत गेली की चढते.”

यमुताईंनी मागे वळून पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “हळू घे.”

थोडं गेल्यावर मी पाहिलं. म्हातारी तिथंच उभी. म्हटलं, पुढच्या वळणावर चढू. पण त्या रस्त्याला वळण कुठलं! नजर पोचेल तिथवर सरळ डांबर, आणि त्यावर हलणारं ऊन.

पुन्हा पाहिलं तेव्हा घर काडेपेटीएवढं झालं होतं. म्हातारीनं गोपीला कडेवरून उचलून खांद्यावर बसवलं होतं, तिला नीट दिसावं म्हणून.

मी पट्टी हातानं धरली आणि पाय पुढे टाकला.