अर्धा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. जुनी म्हणजे किती जुनी, ते विचारू नका, वय विचारलेलं मला आवडत नाही. एवढंच सांगते, की माझे दिवे गोल आहेत, माझ्या काचा हाताने फिरवून खाली कराव्या लागतात आणि माझं पुढचं दार लावताना किंचित वर उचलावं लागतं, नाहीतर ते हटून बसतं. माझ्या वयाच्या गाड्या हल्ली लोक काचेच्या दालनात ठेवतात म्हणे. मी मात्र आज सकाळीच भाजी घेऊन आले. पिशवीतून निसटलेला एक कांदा अजून माझ्या डिकीत इकडून तिकडे घरंगळतोय.

आणखी एक आधीच सांगून ठेवते. मला स्वप्नं बघायची खोड आहे. बोलता बोलता माझी तंद्री लागली, तर रागावू नका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. ठिणग्या आठवतात, ओल्या रंगाचा वास आठवतो, आणि अगदी शेवटी कुणीतरी माझ्या छपरावर थाप मारून "जा बाई, सुखात राहा" असं म्हटलेलं आठवतं. कदाचित तेही मी स्वप्नातच ऐकलं असेल.

मला घरी आणलं ते बाबांनी. त्यांची मुलगी छोटी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका हुडकून काढायचे. मी फाटकाशी येऊन थांबले तेव्हा आई ओले हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अय्या, निळी किती छान आहे हो!"

"निळी? अगं, हिरवी आहे ही," बाबा म्हणाले.

झालं! तो वाद त्या दिवशी सुरू झाला तो कधी मिटलाच नाही. मी आपली दोघांच्या मध्ये गप्प उभी. मला काय, दोघांनीही कौतुकच केलं होतं.

माझे कामाचे दिवस फार सुखाचे होते. सकाळी छोटीला शाळेत सोडायचं, मग बाबांना छापखान्यात. रविवारी नदीच्या बांधावर. छोटी मागच्या सीटवर आडवी पडून खिडकीतून वर बघायची. तिला रस्ता दिसायचाच नाही. दिसायचे ते झाडांचे शेंडे, विजेच्या तारा आणि एकामागून एक मागे जाणारे दिवे. परत येताना आई काहीतरी गुणगुणायच्या, छोटीचे डोळे मिटायचे, आणि मला वाटायचं, माझी चाकं जमिनीला टेकतच नाहीयेत. आम्ही सगळे मिळून एका शांत तळ्यावरून तरंगत घरी चाललो आहोत.

अशा वेळी नेमके बाबा ओरडायचे, "अरे, काय लिहिलंय त्या पाटीवर! 'औषधालया'ची पार वाट लावलीय!"

बाबांची सवयच होती ती. चुका शोधायचं काम छापखान्यात संपायचं नाही. गाडी चालवतानाही ते दुकानांच्या पाट्या वाचत जायचे. मग आई म्हणायच्या, "अहो, पाट्या मेल्या कुठे पळून जात नाहीत. समोर बघा!" आणि तेवढ्यात त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. जोरात. त्या बसायच्या त्या शेजारच्या सीटपुढे ब्रेक कुठला? नुसती रबरी मॅट आणि तिच्याखाली माझा पत्रा.

"अगं, तिकडे ब्रेक नाही!" बाबा वैतागायचे.

"माहीत आहे मला."

"मग दाबतेस कशाला?"

आई खिडकीबाहेर बघायच्या. बाबांना ते लागायचं. छापखान्यातल्या मित्राला घरी सोडताना ते एकदा म्हणाले होते, "बायकोचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही बघ." हसत म्हणाले, पण स्टिअरिंगवरचे त्यांचे हात हसत नव्हते. ते मला कळायचं.

खरी गोष्ट निराळीच होती. एकदा बाबा वर्तमानपत्र आणायला उतरले असताना छोटीने मागून विचारलं, "आई, तू पाय का दाबतेस? तिथे तर काहीच नाही."

आई म्हणाल्या, "असू दे गं. एवढी मोठी गाडी, त्यात आपण सगळे. तो सगळा भार त्यांच्या एकट्याच्याच पायावर कशाला? अर्धा ब्रेक त्यांचा, अर्धा माझा."

"मग हे बाबांना सांग ना!"

"नको बाई. शेफारतील."

दोघी इतक्या हसल्या, की माझ्या स्प्रिंगा हलल्या. बाबा परत आले आणि विचारू लागले, काय झालं म्हणून. कुणी सांगितलं नाही. मला तर सांगताच येत नव्हतं.

मग छोटी मोठी झाली. माझ्यावरच गाडी शिकली, नोकरीसाठी परगावी गेली. आई आजारी पडल्या. दवाखान्यातून घरी आणताना त्या आपल्या जागेवर बसल्या. बाबा त्या दिवशी एकही पाटी न वाचता चालवत होते. तरी वळणावर आईंचा पाय दाबला गेला, अगदी हलका, एखाद्या पाखराने टेकावा तसा. नंतर ती सीट रिकामीच राहिली. मित्रांनो, मला फार रडू आलं. पण गाडीला रडता येत नाही, आमच्या काचांवर नुसतं धुकं साठतं.

त्याच सुमारास बाबांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी बजावलं, "यापुढे गाडी चालवायची नाही." छोटी सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, मी चालवते ना. तुम्ही शेजारी बसा."

"ती जागा तिची आहे," बाबा म्हणाले. "मी तिथे बसणार नाही."

"मग मागे बसा."

"मागे? मी काय सामान आहे?"

आणि त्यांनी माझी किल्ली टेबलाच्या खणात टाकून दिली.

त्यानंतर मी घरामागच्या शेडमध्ये पडून राहिले. टायरमधली हवा गेली. बॉनेटवर आधी रद्दी आली, मग मोडका पंखा, मग रंगाचे रिकामे डबे. मागच्या सीटचा कापूस उंदरिणीने बाळंतपणाला नेला. तिची पिल्लं गोड होती, खोटं कशाला बोलू. शेडच्या पत्र्याला भोकं होती, त्यातून उन्हाचे कवडसे माझ्या अंगावर पडायचे आणि दिवसभर हळूहळू सरकायचे. मी डोळे मिटून घ्यायचे. मग ते कवडसे म्हणजे रस्त्यावरचे दिवे व्हायचे. आई गुणगुणायच्या, छोटी मागे पेंगायची आणि मी नदीच्या बांधावरून तरंगत जायचे. इतकं जाऊन आले मी त्या वर्षांत, आणि जागेवरून तसूभरही हलले नाही!

तिकडे घरात बाबांचंही तसंच चाललं होतं. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत बाबा. बांध नाही, मित्र नाही, काही नाही. छोटी आता आपल्याच गावच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका होऊन परत आली होती. ती रोज म्हणायची, "बाबा, बाहेर चला." बाबा रोज म्हणायचे, "कशाला?" माझ्या शेडमधून त्यांची खिडकी दिसायची. दोघेही आपापल्या जागी गंजत होतो, म्हणा ना.

एके दिवशी रद्दीवाला आला. रद्दी उचलली तशी खाली मी निघाले. "ही पण द्यायची का?" त्याने विचारलं. आणि बाबा म्हणाले, "न्यायची तर न्या."

माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली. त्याने माझ्या बंपरला दोरी बांधली, तेवढ्यात छोटी शाळेतून आली. खांद्यावरची पिशवी तिथेच टाकून ती धावली. "हात लावू नका तिला! बाबा, मी ही दुरुस्त करणार आहे. शोभेला नाही, रोज चालवायला. आणि तुम्हाला घेऊन बांधावर जाणार आहे."

"दुरुस्त कर," बाबा म्हणाले. "पण मी बसणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

दोरी सुटली, माझा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच. बाबा बसणार नसतील, तर मी चालू होऊन तरी काय उपयोग?

मला टोचन करून मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेलं. मिस्त्री म्हणजे भलताच बोलका माणूस. बेसूर गायचा आणि त्याहून बेसूर हॉर्न वाजवून बघायचा. "ताई, ही काय, दुपारपर्यंत सुरू करतो," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. त्या दुपारनंतर कितीतरी दुपारी गेल्या. "काय म्हातारे, रुसलीस का?" तो मला विचारायचा. म्हातारी म्हटल्यावर कोण बोलेल त्याच्याशी?

त्याला मला दागिन्यासारखं चकाकवायचं होतं. छोटी म्हणाली, "मिस्त्री, मला ही खड्ड्यांतून, पावसातून, बाजारात न्यायची आहे. आधी तिला नीट थांबता आलं पाहिजे." मग नवे ब्रेक आले, नवी वायरिंग आली, टायर आले. सीटला पट्टे बसवले. या वयात पट्टे! मला आधी लाज वाटली, मग बरं वाटलं. रंगाची वेळ आली तेव्हा छोटीने पेट्रोलच्या झाकणाच्या आतला माझा मूळ रंग शोधून काढला, आणि मिस्त्री म्हणाला, "हा निळा होय?" त्याचा रंगारी म्हणाला, "निळा कुठला, हिरवा!" छोटी नुसती हसली. मी ओळखलं ती का हसली ते.

मग एका सकाळी मिस्त्रीने शेजारच्या सीटपुढची मॅट ओढून काढली. ती एका जागी पार झिजून गेली होती, आरपार. त्यातून पाणी झिरपून खालचा पत्रा गंजला होता आणि त्याला टाचेएवढं भोक पडलं होतं. मिस्त्री गुडघ्यांवर बसून बराच वेळ डोकं खाजवत राहिला. मग डॅशबोर्डखाली हात घालून काहीतरी चाचपू लागला.

"ताई, एक विचारू? ही गाडी पूर्वी ड्रायव्हिंग स्कूलची होती का?"

"नाही हो. का?"

"नाही, शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक असतो ना. पाय तर इथे कुणीतरी वर्षानुवर्षं दाबलाय. पण ब्रेक काढल्याची खूण सापडत नाही."

छोटी आधी हसली. मग खाली बसली आणि त्या झिजलेल्या जागेवर हात ठेवून रडायला लागली. मिस्त्री घाबरला. "अहो ताई, पत्रा टाकून देतो ना नवीन, त्यात रडायचं काय?"

तिने तिथूनच बाबांना फोन लावला. मिस्त्री काय म्हणतोय ते सांगितलं. मग बाबा म्हणाले, "तिचा विश्वास नव्हता गं माझ्यावर. शेवटपर्यंत नव्हता."

"नाही बाबा. तुम्हाला सांगायचं नव्हतं तिला, म्हणून मीही कधी बोलले नाही. ती म्हणायची, सगळा भार त्यांच्या एकट्याच्या पायावर कशाला? अर्धा ब्रेक त्यांचा, अर्धा माझा."

"मग मला का नाही सांगितलं?"

"म्हणाली, शेफारतील."

फोनमधून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, मला ओळखता आलं नाही. मग बाबा म्हणाले, "पत्रा नवा टाका. पण ती मॅट फेकू देऊ नकोस."

मी घरी परत आले तेव्हा बाबा फाटकाशी उभे होते. त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला. "हिरवीच आहे," म्हणाले. मग सवयीने ड्रायव्हरच्या बाजूला आले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून जुनी किल्ली काढून तिच्या हातात दिली. माझ्या बॉनेटला धरून धरून ते दुसऱ्या बाजूला गेले, आईंच्या सीटवर बसले, आणि दार किंचित वर उचलून त्यांनी लावून घेतलं. ते एकदम लागलं. मॅट तिथेच होती. खाली नवा पत्रा, वर तीच मॅट. त्यांचा पाय आपोआप त्या झिजलेल्या जागी गेला.

आम्ही बांधाच्या रस्त्याला लागलो. काचा खाली होत्या, वारा येत होता, मला पुन्हा तरंगल्यासारखं वाटत होतं. छोटी म्हणाली, "बाबा, त्या दुकानावर बघा, पाटीवर 'शुद्ध' लिहिलंय, त्यातच चूक!"

"अगं, समोर बघ!"

एक सायकलवाला आडवा आला होता. छोटीने ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी बाबांचाही पाय खाली गेला. जोरात. मी जागच्या जागी थांबले. सायकलवाला हात हलवून निघून गेला.

"बाबा," छोटी हळूच म्हणाली, "तिकडे ब्रेक नाही."

बाबांनी पाय उचलला नाही. "अर्धा आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, माझे ब्रेक नवे आहेत, एका पायाने मी सहज थांबते. पण त्या दिवशी मला तिथे तीन पाय जाणवले. तुम्ही म्हणाल, हिला स्वप्न पडलं असेल. असेल बापडं.

माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं धूळ खात पडलं असेल, तर त्याला नुसतं झाकून ठेवू नका. पुसा, दुरुस्त करा आणि रोजच्या कामाला न्या. आणि गाडीत तुमच्या शेजारी बसून कुणी उगाच पाय दाबत असेल, तर 'तिकडे ब्रेक नाही' असं मात्र त्याला कधी म्हणू नका.

बरं, येते मी. छोटी किल्ली शोधतेय आणि बाबा केव्हाचे पट्टा लावून बसलेत.