दहाचं पाणी

आक्काच्या मधल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीचा हा उन्हाळा. घरात दोन पाळणे हलत होते आणि तिकडे आक्काच्या थोरल्या भावाला, दादाला, डॉक्टरांनी हात टेकून हॉस्पिसमध्ये पाठवलं होतं. तिथे कुणाला बरं करत नाहीत. दुखणं कमी करतात आणि माणसाला माणसासारखं जाऊ देतात.

हॉस्पिसच्या मागे बाग होती आणि ती स्वयंसेवक आणि रुग्णांची माणसं सांभाळत. त्या वर्षी बोअरला नुसता गाळ येऊ लागला, तेव्हा रुग्णांच्या आंघोळीचं पाणी पिंपांत साठवायचं आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांतून झाडांना घालायचं, असं ठरलं. या कामाचा म्होरक्या एक निवृत्त बस कंडक्टर. नोकरी सुटली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. "पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा आहे!" असं ओरडत तो सकाळी साडेसहाला सगळ्यांना कामाला लावी आणि ऊन चढायच्या आत मोकळं करी.

फक्त आक्काचं पाणी दहाचं. दादानेच तसं सांगितलं होतं. "ते टोकाचं जास्वंदीचं कुंपण तेवढं जगव. दहाला मला जरा हुशारी असते, तेव्हा घाल. मी इथून बघत पडेन."

"आक्का, दहाच्या उन्हात पाणी म्हणजे तापल्या तव्यावर थेंब," कंडक्टर म्हणे. "निम्मं वाफ होऊन जातं."

"जाऊ दे. त्याला बघायचंय ना."

"भाऊ आहे की मुकादम?"

आक्का हसे आणि डबे उचले. अकरा खेपा व्हायच्या. खांदा भरून यायचा. दर खेपेला कुंपणाशी पोचली की ती खिडकीकडे वळून हात वर करी. काच उन्हात चकाकायची, आतलं काही दिसायचं नाही. पण तो बघतोय, एवढं पुरे होतं. अकराला ती घाम पुसत खोलीत यायची.

"दिसलं का रे?"

"दिसलं की. आज फार वाकत होतीस. कंबर सांभाळ."

दादावर तिचा जीव होता तो उगाच नाही. चौदा वर्षांपूर्वी आई धाकट्या भावाकडे वारली आणि धाकट्याने आक्काला कळवलंसुद्धा नाही. सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी तिला कळलं, तेही दादाकडून. आईचं तोंड शेवटचं पाहायला मिळालं नाही. भर रस्त्यात दादाच्या गळ्यात पडून ती रडली आणि म्हणाली, "आजपासून आपण दोघंच भावंडं. तिसरा मेला." दादा "बरं" म्हणाला होता.

एके दिवशी पाणी लवकर आटोपून ती खोलीत आली, तर दादाला चाकाच्या खुर्चीवरून आंघोळीला नेलं होतं. सिस्टर म्हणाली, "तेवढी चादर बदलता का?" चादर बदलून आक्का दमून पलंगावर टेकली, मग आडवी झाली. उशीवर डोकं ठेवून सहज खिडकीबाहेर पाहिलं.

समोर पाण्याची सिमेंटची टाकी होती. दुसरं काहीच नव्हतं. ती उशी सरकवून निजली, कोपरावर उठून बसली. टाकी काही हलेना. कुंपण बघायचं तर उभं राहून खिडकीच्या काचेला गाल टेकवावा लागत होता, आणि दादा दोन महिने उभा राहिला नव्हता.

"सिस्टर, हा पलंग कधी हलवला?"

"हा? याचे पाय फरशीत बसवलेत, आक्का."

दुसऱ्या दिवशी दहाला तिने डबे भरले, टाकीच्या वळणाशी खाली ठेवले, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दाराने आत आली. दादाच्या पलंगाशी स्टुलावर एक पांढऱ्या केसांचा माणूस बसून त्याची नखं कापत होता. धाकटा.

"आक्का," दादा चाचरत म्हणाला, "आज लवकर आटोपलं?"

"तुला खिडकीतून दिसलं नाही?"

दादाने मान वळवली.

"किती दिवस चाललंय हे?"

"इथे आल्यापासून जवळजवळ रोज," धाकटा म्हणाला. "आधी घरी. सगळी वर्षं."

"तुला विचारलं नाही मी. आई गेल्याचं ज्याने कळवलं नाही, त्याने माझ्याशी बोलू नये."

धाकट्याने दादाकडे पाहिलं. "आता तरी सांगतोस?"

"तूच सांग."

"मी कळवलं होतं, आक्का. आई जायच्या दोन दिवस आधी. दादाला म्हटलं, आक्काला घेऊन ये. हा एकटाच आला."

"तुझ्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं," दादा डोळे मिटून म्हणाला. "वाटलं, आई आठवडाभर तरी काढेल. तू मोकळी झालीस की नेऊ. तिने नाही काढला. मग तू रस्त्यात याला शिव्या घालायला लागलीस, आणि माझं तोंड उघडेना."

"चौदा वर्षं?"

"आज गप्प बसलं की उद्या बोलणं जास्त जड जातं गं."

"आणि मी उन्हात हात हलवत होते, ते?"

आक्का तशीच बाहेर पडली. धाकटा तिच्यामागे फाटकापर्यंत आला.

"तू का नाही बोललास?" तिने विचारलं.

"त्याने शपथ घातली होती. आणि तू मला दारात तरी उभं केलंस का?"

तेही खरंच होतं. फाटकाची कडी काढता काढता तिने विचारलं, "आई जाताना काही बोलली?"

"मी गाडी बघायला गेलो होतो. जवळ दादा एकटा होता. बोलली असेल तर त्यालाच ठाऊक."

"त्याचं तोंड बघायचं नाही मला."

चार दिवस ती सगळ्यांबरोबर साडेसहाला आली, मिळेल त्या वाफ्याला पाणी घातलं आणि खोलीकडे न फिरकता परतली. पहिल्या दिवशी कंडक्टर ओरडला, "आज पॅसेंजर वेळेवर!" पण तिचा चेहरा पाहून त्याने शिट्टी सदऱ्यात टाकली.

राग होताच. पण रागाच्या बुडाशी एक प्रश्न बसला होता आणि तो तिला झोपू देईना. आईने माझं नाव घेतलं का? मी का आले नाही, असं विचारलं का? सांगू शकणारा माणूस जगात एकच उरला होता. पाचव्या दिवशी तिने हात धुतले. जायचं, एवढंच विचारायचं आणि उठायचं. माफीबिफीचं काही काढायचं नाही.

दारात सिस्टरने तिला थांबवलं. "काल संध्याकाळपासून बोलणं बंद झालंय. ऐकू येत असेल, असं समजून बोला."

आक्का स्टुलावर बसली. "दादा, आईने माझं नाव घेतलं होतं का रे?"

त्याची नजर तिच्याकडे आली. ओठ हलले. तिने कान जवळ नेला, पण नुसता श्वास.

"घेतलं असेल तर डोळे मीट."

दादाने डोळे मिटले. मग उघडले, मग पुन्हा मिटले. ते होकाराचे होते की गुंगीचे, तिला कळेना. आणि होकाराचे असते, तरी या माणसाच्या होकारावर किती विसंबायचं, तेही तिला कळेना. ती तिथेच बसून राहिली.

दादा दुसऱ्या दिवशी, बारा मे रोजी, गुरुवारी दुपारी सव्वा वाजता गेला. आक्का आणि धाकटा दोघंही खोलीत होते.