मी पुसलेला ससा

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. आता मात्र नीट शोधलंत तरच सापडेन. चित्रकाराच्या टेबलाच्या वरच्या खणात, बोथट पेन्सिली आणि सुकलेल्या रंगांच्या ट्यूबा यांच्यामध्ये करंगळीच्या नखाएवढा एक मळकट तुकडा पडला आहे ना, तोच मी. एके काळी मी पांढराशुभ्र होतो आणि अंगात कडक कागदी सदरा घालून ऐटीत बसायचो, हे सांगितलं तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला मळलं, तापवलं, लांब पट्टी करून कापलं आणि खोक्यात भरून दुकानात पाठवलं. तिथे एके दिवशी नळदुरुस्ती करणारा एक माणूस आला. त्याच्या मुलीला चित्रकलेच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. "सगळ्यात चांगला खोडरबर द्या," असं म्हणून त्याने दुकानदाराचा अर्धा तास खाल्ला. प्रत्येक खोडरबराने एकेक रेघ पुसायची, कागद उजेडाकडे धरायचा आणि डोळे बारीक करून बघायचं. बसवलेला नळ गळतो का, हे तो असंच बघत असणार. माझ्या रेघेचा मागमूस राहिला नाही, म्हणून माझी निवड झाली. किती फुशारलो होतो मी तेव्हा!

मुलीला तो बुटकी म्हणायचा. पुढे ती त्याच्यापेक्षा वीतभर उंच झाली तरी बुटकीच राहिली. तुम्ही म्हणाल, खोडरबर इतकी वर्षं टिकतो का? टिकतो, मित्रांनो. रोजच्या खाडाखोडीला दुसरे होते, मला ती फक्त मोठ्या चित्रांसाठी बाहेर काढायची. मैत्रिणींना सांगायची, "हा पुसतो ना, तिथे काही होतं असं वाटतच नाही." मी ऐकायचो आणि आणखी चढून बसायचो.

आता त्या गोष्टीबद्दल सांगायला हवं. बुटकी लहान असताना बाबा कामावरून आले, हातपाय धुतले, की तिला एक जुनी गोष्ट सांगायचे. रानाला आग लागते. एक म्हातारं कासव एकेका प्राण्याला पाठीवर घेऊन नदीपलीकडे पोचवतं. शेवटी सशाला काठावर उतरवतं आणि कासवाची ताकद संपते. ते तिथेच पाण्यात बसतं आणि त्याचा दगड होतो. मग ससा रोज येतो, दगडाशेजारी बसतो आणि आज काय काय झालं ते त्याला सांगतो. इथे बाबा थांबायचे आणि विचारायचे, "मग आज ससा काय सांगतो?" की बुटकी आपला दिवस सांगायला लागायची. कोणाशी भांडण झालं, कोणता दात हलतोय, बाई कोणावर ओरडल्या, सगळं काही ससाच सांगायचा.

बुटकी मोठी झाली, मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढू लागली. बाबा म्हातारे झाले आणि त्यांना विसर पडू लागला. घरातला नळ सुरू ठेवून फिरायला जायचे आणि नळवाल्याच्याच घरात पाणीच पाणी व्हायचं. यावर सगळ्यांच्या आधी तेच हसायचे, पण मनातून चांगलेच धास्तावले होते. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक परीक्षा ठरवली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते बुटकीच्या टेबलाशी बसायचे आणि कासवाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचे. "सशापर्यंत पोचलो म्हणजे डोकं अजून ठिकाणावर आहे," असं म्हणून मग चहा प्यायचे. कितीतरी वेळा चहा गार झालेला असायचा.

ते ऐकून ऐकूनच बुटकीने ठरवलं की या गोष्टीचं नव्या मुलांसाठी चित्रांचं पुस्तक करायचं. बाकीच्या चित्रांची तिने आधी पातळ कागदावर चार-चार कच्ची रूपं केली. शेवटचं चित्र मात्र तिने कच्चं काही न करता थेट जाड, महागड्या कागदावर पेन्सिलीने काढलं. पाण्यात दगड, शेजारी बोलणारा ससा. ते चित्र लहानपणापासून तिच्या हातात बसलेलं होतं. मला त्या दिवशी खणातून बाहेरही यावं लागलं नाही.

संपादकबाई घरी येऊन सगळी चित्रं बघून गेल्या आणि त्यांना पुस्तक फार आवडलं. फक्त शेवट नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. लहान मुलं रडतील, आया असलं पुस्तक विकत घेणार नाहीत, कासवालाही काठावर आणा आणि सगळ्यांना नाचवा. बाई वाईट नव्हत्या हो, त्यांनाही पुस्तक खपवायचं होतं. बुटकी दोन दिवस फोनवर भांडली आणि तिसऱ्या दिवशी तिने नमतं घेतलं.

नवा कागद घ्यायचा, तर एवढा चांगला कागद वाया कशाला घालवा, असं तिच्या मनात आलं. तिने मला हातात घेतलं. आधी सशाचे कान गेले, मग पाठ, मग दगड. मी माझं काम चोख केलं, मित्रांनो. त्याचीच आज लाज वाटते. त्या जागी तिने हिरवंगार गवत रंगवलं आणि टोपी घालून नाचणारं कासव काढलं. बाबांना सांगायला हवं, असं ती स्वतःशीच म्हणाली. पण आज बाबांना बरं नाही, उद्या पाहुणे येणार, परवा दुसरं काम, असं करता करता पुस्तक छापून घरी आलं.

बाबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. पहिल्या पानावर छापलं होतं, "ही गोष्ट माझ्या बाबांची, त्यांनी सांगितली तशी." ही ओळ बुटकीने अगदी सुरुवातीला लिहिली होती आणि शेवट बदलताना त्या ओळीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. बाबांनी ती दोनदा वाचली. मग ओळीखाली बोट धरून पानामागून पान वाचत शेवटाला आले आणि थांबले. एक पान मागे गेले. दोन पानं चिकटली असतील म्हणून अंगठ्याने कागद चोळून पाहिला.

"बुटके, ससा रोज यायचा ना गं?"

ती बोलली असती तर तेवढ्यावर भागलं असतं. पण ती टेबलावरच्या पेन्सिली आवरायला लागली. मग बाबांनीच स्वतःला उत्तर दिलं, "नसेल. मीच कुठलं तरी कुठे जोडत असेन." त्यांनी पुस्तक मिटलं आणि चष्मा डबीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकायला सांगितली आणि घराची किल्ली बुटकीच्या हातात दिली. आता माझ्यावर विसंबू नकोस, म्हणाले.

आठ दिवस बुटकीचं मन तिला खात राहिलं. शेवटी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. "बाबा, ससा होता. तुमचंच बरोबर होतं. मी तो पुसला." तिने तो जाड कागद आणून दाखवला, पण त्यावर गवत आणि नाच होता. कच्चं चित्र शोधावं, तर ते केलंच नव्हतं. तिने घाईघाईने पेन्सिलीने नवा ससा काढला, शेजारी दगड काढला आणि कागद बाबांच्या हातात दिला.

बाबांनी तो बराच वेळ पाहिला. "छान काढलास. पण हा आत्ता काढलास ना?" मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझी समजूत काढतेस होय? लहानपणी मी तुझी काढायचो, तशी? अगं, छापलंय ना, मी सांगितली तशीच."

त्या क्षणी मला माझा राग आला. मी स्वस्तातला, काळे डाग पाडणारा खोडरबर असतो तर! त्या गवताखाली सशाचा एखादा कान तरी राहिला असता आणि तिने तो उजेडात धरून बाबांना दाखवला असता.

हळूहळू बाबा पुन्हा टेबलाशी येऊ लागले आहेत. ते गोष्ट सांगतात, पण आता पुस्तकातली. कासव काठावर येतं, टोपी घालतं, सगळे नाचतात. सांगून झालं की बाबा बुटकीकडे बघतात. "सगळं बरोबर आलं ना?"

"बरोबर आलं, बाबा," बुटकी म्हणते. बाबा खूश होऊन चहा पितात, आणि ती खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसते. रोज सकाळी मला हे खणातून ऐकावं लागतं.

मित्रांनो, एवढासा तुकडा उरलोय मी, माझं एक ऐका. तुमच्या स्वतःच्या चुका खुशाल पुसा, त्यासाठीच मी जन्मलो. पण दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं पुसायचं असेल, तर आधी जाऊन त्याला विचारा. आणि न विचारता पुसलंच, तर त्याच दिवशी सांगा. नंतर सांगितलेलं खरं त्याला निव्वळ तुमचा चांगुलपणा वाटतो.