बॉबीनचं फिटिंग

आपल्या हातचा कपडा दुरुस्तीला परत येत नाही, असं मास्तर नेहमी सांगत. विचारणाऱ्याला सांगत आणि न विचारणाऱ्याला आधी सांगत. बायकांचे कपडे शिवण्यात त्यांची हयात गेली होती. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार आणि मधे त्यांनीच शिवलेला पडदा. तोही असा मापाचा की खालून मुंगीनं वाकून जावं.

त्यामुळे मांजरीचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकचा भोंगा पुढे केला, तेव्हा मास्तरांना तो सरळसरळ अपमान वाटला.

"हा गळ्यात घाला, म्हणजे ती टाके चाटणार नाही."

"भोंगा कशाला? कपडा शिवतो की. माप सकाळीच घेऊन ठेवलंय." एवढं बोलून मास्तरांनी चष्मा वर केला आणि मांजरीच्या पोटाशी वाकून बघितलं. "टाके बरे आहेत. शेवटची गाठ जरा जाडी आलीय."

डॉक्टरीणबाई हसल्या. काकूंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

मांजरीचं नाव बॉबीन. लहानपणी मशीनमधली बॉबीन पळवायची, म्हणून. मोठी झाल्यावर तिनं चिंध्यांच्या टोपलीत दोनदा बाळंतपणं उरकली. पिल्लांना घरं शोधता शोधता काकूंची सगळी ओळखपाळख संपली, तेव्हा ऑपरेशन ठरलं. मास्तर तिला 'तुझी मांजर' म्हणत, पण कपडा शिवला मात्र मन लावून. सकाळी काकूंनी तिचे पुढचे पाय वर धरून तिला उभं केलं होतं, कारण मास्तरांकडे गिऱ्हाईक उभं राहूनच माप देतं. गळा, छाती, कंबर सगळं टिपून झाल्यावर मास्तरांनी शेरा मारला होता, "बँकेतल्या बाईंचीच फिगर. छाती-कंबर एकच."

मऊ सुती कापड, पाठीवर नाड्या, गळ्याला पाइपिंगची जाड किनार. अंगात चढवल्यावर कुठे म्हणून सुरकुती नाही.

"याला म्हणतात फिटिंग," मास्तर म्हणाले. बॉबीन मान ताठ धरून पडद्याआड निघून गेली.

त्या रात्री ती जेवली नाही. भुलीचा अंमल असतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. सकाळी मात्र ती स्वतःहून ताटलीपाशी आली. वास घेतला, मान खाली घातली, मधेच थांबली, मागे सरकली आणि मशीनखाली जाऊन बसली. काकूंनी मासा कोमट करून दिला. पुन्हा तेच. अंडं दिलं, तरी तेच. शेवटी बोटाला मासा लावून तोंडापुढे धरला, तर बोट चाटूनपुसून स्वच्छ.

"अहो, बोटावरचं खाते. ताटलीतलं नाही खात."

"लाड! ऑपरेशन झालं ना, आता माहेरपण हवंय तिला."

बोटानं भरवून मांजरीचं पोट भरत नाही. काकूंनी दोनदा प्रयत्न केला, मग बॉबीन कंटाळून मागच्या खोलीत जाऊन झोपली. दुपारी काकूंनीच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि मास्तरांच्या हातात दिला. बाईंनी विचारलं, गोळी दिली का, उलटी झाली का, टाके लाल दिसतात का. मग म्हणाल्या, "कपडा घट्ट नाही ना?"

मास्तरांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. "बाई, गळ्यात दोन बोटं आरामात जातात. मोकळा आहे."

ते खोटं नव्हतं. झोपलेल्या मांजरीच्या गळ्यात दोन बोटं जातच होती.

"मग मला काळजी वाटते," बाई म्हणाल्या. "मांजरांनी उपाशी राहणं वाईट, लिव्हरवर जातं. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. रक्त तपासू, सलाइन लावू. वेळ पडली तर नळीनं भरवावं लागेल."

काकू आत गेल्या. चिंध्यांची टोपली रिकामी करून तिच्यात जुना टॉवेल घालायला लागल्या. न्यायची तयारी.

तेवढ्यात बँकेतल्या बाई आल्या. हातात नवा ड्रेस.

"मास्तर, आरशासमोर उभी असते तोवर झकास आहे. पण डबा खायला वाकले की गळा काचतो."

"मग डबा जरा वर धरा," मास्तर म्हणाले.

बाईंनी ते ऐकून सोडून दिलं आणि पडद्याकडे वळून हाक मारली, "काकू, हेही नेहमीसारखं सैल करून ठेवाल ना?"

काकू पडद्याबाहेर आल्या. मास्तरांनी 'नेहमीसारखं' हा शब्द मनात दोनदा उलटा करून बघितला. काकू मात्र तिकडे बघतच नव्हत्या.

"काय म्हणालात? वाकलं की?"

उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या, बॉबीनला उठवलं आणि ताटली उचलून तिच्या तोंडाच्या उंचीवर धरली. बॉबीननं मान जराही न वाकवता मासा खायला सुरुवात केली. आधी हळू. मग असा आवाज करत, की बँकेतल्या बाई पडदा सारून बघायला आल्या.

ताटली थोडी खाली नेली, की मान खाली जायची, पाइपिंग गळ्यात रुतायचं आणि बॉबीन थांबायची. वर नेली की पुन्हा सुरू. काकूंनी ते दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा मास्तरच म्हणाले, "पुरे. कळलं."

"भूक होती हो तिला," काकू म्हणाल्या. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्यावर पुसले. "केव्हाची होती."

मास्तरांनी खणातून ब्लेड काढलं. काकूंनी सवयीनं हात पुढे केला.

"तू नको. माझं मी उसवतो."

बॉबीनच्या पाठीवरच्या नाड्या त्यांनीच सोडल्या. पाइपिंग उसवताना त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं, पण बँकेतल्या बाई समंजस, त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. काकूंनी ताटली जमिनीवर ठेवली आणि मांजरीच्या पोटापाशी हाताचा आडोसा केला, टाक्यांना जीभ लागू नये म्हणून. मास्तर टेप घेऊन जमिनीवर पालथे झाले आणि खाणाऱ्या मांजरीच्या गळ्याभोवती माप घेऊ लागले. बॉबीननं गुरगुरून त्यांना एकदा समज दिली.

"गळ्याला कळी घालावी लागेल, जादा कापडाची," जमिनीवरूनच ते म्हणाले. मग थोडं थांबून, "सैल करून म्हणजे... किती जणींचे गं?"

"आधी मापाचा आकडा सांगा," काकू म्हणाल्या. "तिचं खाणं संपत आलंय."

मास्तरांनी आकडा सांगितला. मग मान वळवून बँकेतल्या बाईंना म्हणाले, "जाऊ नका. तुमचंही माप परत घेतो. उभ्या राहू नका, त्या स्टुलावर बसा."